गोड बोलली तर मला सांगा

गेल्या रविवारी आपण व्हिडिओवर बोलत होतो. तू नवे रंगवलेले केस मला दाखवत होतीस आणि धाकटा तुझ्या मागे उभा राहून काहीतरी खात होता. तेवढ्यात तुमची आई घेवड्याच्या शेंगांचं ताट घेऊन माझ्या मागून गेली, थांबली, वाकून पडद्यात बघितलं आणि म्हणाली, "हे काय? केसांना हळद लागली? लग्न ठरलंय की काय?"

तुझा चेहरा बदलला. "ओके आजी, बाय," म्हणालीस आणि फोन बंद केलास.

तुमच्या आईने ताट टेबलावर ठेवलं. मग टेबलाशी बसून शेंगांचे दोर काढू लागली. चारसहा शेंगा झाल्यावर म्हणाली, "वाईट बोलले का गं मी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग तिने बंद का केला?"

त्याचं उत्तर दुपारी तुझ्या मेसेजमधून आलं. "आजी, शी हेट्स मी, राइट? इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे? तो एक आठवडा ती बेस्ट मॉम होती. ती मॉम कुठे गेली? की ती कधी रिअल नव्हतीच?" आणि खाली लिहिलं होतंस की डिसेंबरात तुम्ही दोघं पुण्याला येणार हे नक्की, पण उतरणार हॉटेलात, आणि आईला भेटायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही, कारण फोनवर मावेल असं ते नव्हतं. आता लिहिते आहे. आयुष्यभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तेव्हा हे इंग्रजीत लिहिणं तुम्हाला सोपं गेलं असतं. तसं दोनदा लिहून बघितलं. पण इंग्रजीत तुमची आई नुसती उद्धट वाटते. ती मराठीतच नीट दिसते. तू चौथीपर्यंत इथे शिकली आहेस. सावकाश वाच आणि धाकट्याला वाचून दाखव.

आधी आमच्या घरची बोलायची रीत सांगते. आम्ही कधी एकमेकांना 'सोन्या', 'राणी' म्हटलं नाही. मी वर्गात शिकवत असे त्या कादंबऱ्यांतले आईबाप मुलांना उठताबसता 'डार्लिंग' म्हणत, आणि ते वाचताना मला संकोच वाटे. तुमच्या आजोबांची माया टोमण्यातून येई. तुमची आई आठवीत पहिली आली तेव्हा त्यांनी प्रगतिपुस्तक उलटंसुलटं बघून विचारलं, "दुसऱ्या नंबरची मुलगी परीक्षेला आजारी होती वाटतं?" आणि संध्याकाळी न सांगता तिच्यासाठी सायकल घेऊन आले. तिनेही सायकलची घंटा वाजवून बघितली आणि म्हणाली, "घंटा वाजते म्हणजे सेकंडहँड नसावी." दोघंही खूश होती. बाहेरच्या माणसाला ते भांडण वाटलं असतं.

तिची जीभ लहानपणापासूनच अशी. शेजारच्या काकू एकदा दुपारी गप्पा मारायला आल्या त्या दिवेलागणीपर्यंत उठेनात. सात वर्षांची ही समोर जाऊन उभी राहिली. "काकू, आज तुमच्याकडे स्वयंपाकाला सुट्टी आहे का?" काकू उठल्या. मी तिला रागावले खरी, पण स्वयंपाकघरात जाऊन, आणि आवाज खाली ठेवून.

ती रुसायची, चिडायची, दारं आपटायची. मैत्रिणींबरोबर सहलीला पाठवलं नाही म्हणून एकदा दोन दिवस बोलली नव्हती. त्याला आम्ही फुरंगटणं म्हणत असू. त्या फुरंगटण्याला कारण असे आणि आत शिरायला फटही असे. गरम पिठलं-भात केला की ती "मला भूक नाही, पण वाया जाईल" असं म्हणत पानावर येऊन बसायची. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

हल्ली आमच्या सोसायटीतल्या मुली लिफ्टमध्ये म्हणताना ऐकू येतं, "आज मी ना टोटली बायपोलर झालेय," कारण काय, तर कुठला ड्रेस घालायचा ते ठरत नाही. मला त्यांचा राग येत नाही. फक्त मी जिन्याने उतरते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या आईचे काही महिने असे गेले की आम्ही पुढे कित्येक वर्षं त्यांच्या गोष्टी सांगत असू. तिने नाटक बसवलं, वक्तृत्वाच्या ढाली आणल्या, जर्मन शिकायला सुरुवात केली, सबंध सोसायटीच्या मुलांची शिबिरं घेतली. झोप जेमतेम घ्यायची आणि सकाळी टवटवीत उठायची. नातेवाइकांत आमची मान ताठ झाली होती. पुढे ती महिनाभर खोलीतून बाहेर आली नाही, तेव्हा आम्ही म्हटलं, दमली असेल, एवढं केल्यावर कोण दमणार नाही?

तुम्हाला आठवत असेल, धाकटा बालवाडीत जायला लागला त्या वर्षी ती झोपूनच असायची. तुमचे डबे बाबा भरायचे. तुमच्या दुसऱ्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं." बाबांनाही आधी वाटलं की सासूशी पटत नाही म्हणून हे चाललंय. मग ते थकले आणि विश्रांतीसाठी तिला आमच्याकडे सोडून गेले. मी पिठलं-भात केला. तिने ताटाकडे बघितलं, "छान झालंय" म्हणाली, आणि दोन घासांवर उठली. पिठलं तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी त्यांच्या पद्धतीने उपाय करून बघितला. नऊ वाजले तरी ती उठली नव्हती. ते दारात उभे राहून म्हणाले, "राणीसाहेबांचा दरबार किती वाजता भरणार आहे?"

आतून आवाज आला, "सॉरी बाबा."

ते तसेच स्वयंपाकघरात आले. चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "अगं, ती सॉरी म्हणाली."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिला पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं. झोपून असते, जेवत नाही, बोलत नाही, एवढं सांगितलं. कॉलेजातले ते झगमगीत महिने सांगितले नाहीत, कारण आपल्या मुलीचं कौतुक कुणी आजारात सांगतं का? नैराश्य आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. हळूहळू ती उठली, न्हाली, खिडकीत बसू लागली.

आणि मग ती गोड बोलायला लागली.

एका सकाळी मी भाजी चिरत होते तेव्हा तिने मागून येऊन मला मिठी मारली. "आई, तू किती सुंदर दिसतेस." मी तिला जन्म दिल्यापासून हे वाक्य ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आजोबा अंघोळ करताना गात, आणि आमच्या घरात त्याला 'पाणी गेल्याची सूचना' म्हणायची पद्धत होती. ती पद्धतही तिनेच पाडलेली. आता ती बाथरूमच्या दाराशी उभी राहून म्हणे, "बाबा, तुमच्या आवाजात काय खोली आहे!" सोसायटीच्या वॉचमनला सांगे की तुमच्यासारखा थोर माणूस मी पाहिला नाही. सगळ्यांना जवळ घेई, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणे.

आम्हाला वाटलं, आजारातून नुसती बरी नाही झाली, चांगली होऊन आली. तिचा खवटपणा हाच इतकी वर्षं तिचा रोग असावा आणि तो गेला, असं आम्ही धरून चाललो. ज्या घरात सगळेच खवट बोलतात, त्या घरात कुणी गोड बोललं तर तो चमत्कारच वाटणार. आजोबांनी पेढे आणले. मी बाबांना फोन करून सांगितलं, मुलांना पाठवा, मे महिना आहे, त्यांची आई त्यांना परत मिळाली आहे.

तुम्ही ज्याला तो एक आठवडा म्हणता, तो हा.

मला त्यातली एक सकाळ जशीच्या तशी आठवते. ती उजाडताच तुम्हा दोघांना घेऊन मार्केट यार्डात फुलबाजारात गेली आणि परत आली ती रिक्षाभर झेंडू घेऊन. तिघंही फुलांत बुडालेली, रिक्षावाल्याच्या मांडीवरसुद्धा एक गाठोडं. हॉलमधलं सगळं फर्निचर भिंतीला लावून तिने जमिनीवर फुलं ओतली. पिवळी, केशरी, घोट्याच्या वर. तुम्ही दोघं त्यांत लोळलात. धाकटा पोहत होता. आजोबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?" आणि ती म्हणाली, "सगळ्यांचं, बाबा, सगळ्या जगाचं." तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होतीस आणि ती तुझ्या केसांत एकेक पाकळी खोचत होती. पायाखाली चिरडलेल्या झेंडूचा तो कडवट वास मला अजून कुठे आला की हातातलं काम थांबतं.

या घरात त्याहून सुंदर सकाळ कधी उगवली नाही, हे मीही तुला सांगते. आणि तो आजार होता, हेही मलाच सांगावं लागतं आहे.

दिसत होतं, दिसत नव्हतं असं नाही. ती जवळजवळ झोपत नव्हती, आणि दमतही नव्हती. एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू होई. मुलं आली म्हणून उत्साह आहे, असं आम्ही म्हटलं. एकदा आजोबा म्हणाले, "पुरे आता, जरा बस," तर ती इतकी चवताळली की हातातली कपबशी भिंतीवर गेली. तेव्हा मला उलट धीर आला, की चला, आपली जुनी मुलगी अजून थोडी शिल्लक आहे. पण तो तिचा राग नव्हता. तिच्या रागाला नेम असे. काकूंना म्हटलं ते काकूंनाच लागलं, शेजारच्या खुर्चीला नाही. हा राग कुणावरही पडत होता, आणि त्यात एकही वाक्य लक्षात ठेवावं असं नव्हतं.

मग स्वारगेट. तुम्हाला जे आठवतं ते मी खोडणार नाही. समुद्र दाखवते म्हणून ती तुम्हाला घेऊन निघाली, आम्हाला वाटलं बागेत गेलात. एसटी स्टँडवर एका बाकावर तुम्हाला पिशवीसकट बसवलं, "इथेच बसा, आले," म्हणाली, आणि आली नाही. दुपार झाली. तू धाकट्याचा हात सोडला नाहीस आणि त्याला एकट्याला कुठे जाऊ दिलं नाहीस, म्हणून त्याची चड्डी ओली झाली, आणि त्याबद्दल तू त्याला आजवर एकदाही चिडवलेलं नाहीस, हे मला माहीत आहे. शेवटी चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आणि तुला आमचा घरचा नंबर पाठ होता. आजोबा आणि बाबा धावत आले. बाबांनी धाकट्याला ओल्या चड्डीसकट उचलून घेतलं.

इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही. तुम्ही लहान होता, आणि मग लांब गेलात.

ती साताऱ्याच्या गाडीत बसली होती. साताऱ्याच्या पोलिसांचा फोन आला तेव्हा आम्ही तिला आणायला गेलो. तिथे त्या गाडीचा कंडक्टर भेटला, कारण त्यानेच तिला चौकीवर नेलं होतं. तो म्हणाला, बाईंनी शेजारच्या दोन सीटांवर ओढणी पसरली होती आणि पुणं सुटल्यापासून तिथे कुणाला बसू दिलं नाही. गाडीत लोक उभे होते, भांडणं झाली, तरी नाही. माझी मुलं बसली आहेत म्हणत होत्या. रस्ताभर त्या सीटांशी बोलत होत्या, डोंगर दाखवत होत्या.

आम्ही समोर आलो तेव्हा तिने आधी आमच्या मागे बघितलं, मग आपल्या दोन्ही बाजूंना. "आत्ता तर इथे होती," म्हणाली.

तिने तुम्हाला सोडलं होतं, हे खरं आहे. सोडलं आहे हे तिला माहीत नव्हतं, हेही खरं आहे. यांतलं एक खरं धरून दुसरं सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. तुम्ही बाकावर बसून होता, ते दुसऱ्या सत्याने कमी होत नाही.

हॉस्पिटलात जे डॉक्टर मिळाले ते कमी बोलणारे होते. त्यांनी झोपेचं विचारलं, कॉलेजातल्या दिवसांचं खोदून खोदून विचारलं, आणि तेव्हा कुठे ते झगमगीत महिने पहिल्यांदा आमच्या तोंडून आजार म्हणून बाहेर पडले. 'बायपोलर डिसऑर्डर' हे नाव त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "मी वाचलंय त्याबद्दल, पण त्यात चिडचिड हे लक्षण आहे, आणि त्या हिशेबाने निम्मं कोथरूड भरती करावं लागेल." ते हसले नाहीत. म्हणाले, "एका दिवसाची चिडचिड बघू नका. मला हे सांगा, आजार नसतो तेव्हा ही कशी असते?"

 मग आजोबा म्हणाले, "तिखट."

"मग ती तिखट बोलायला लागली की मला कळवा. आणि कारण नसताना गोड बोलायला लागली, झोप कमी झाली, तर त्याच दिवशी कळवा."

बरेच आठवडे ती काही बोललीच नाही. मग एकदा भेटीच्या वेळी आजोबा तिला डब्यातली खीर भरवत होते. त्यांच्या हातून थोडी तिच्या गाऊनवर सांडली. ती म्हणाली, "बाबा, माझं तोंड वर आहे." आजोबा चमचा खाली ठेवून बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदाने रडले.

तोवर तुमच्या घराचा निर्णय झाला होता, घटस्फोटाचा, आणि बाबांनी तुम्हाला घेऊन परदेशी जायचा. बाबांना मी दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. ते मला म्हणाले, "आई, मला रोज सकाळी उठून बघावं लागतं की आज ही कोण आहे. मुलांनी हे बघत मोठं व्हावं असं मला वाटत नाही." मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार होते? तुम्ही गेलात त्या दिवशी ती विमानतळावर आली नाही, कारण डॉक्टर तिला सोडत नव्हते. आली नाही एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं.

त्यानंतर आम्ही उलट्या बाजूने घसरलो. तिने भांडं आपटलं की मी विचारी, "गोळी घेतलीस?" ती हसली की आजोबा घड्याळात बघत, काल किती वाजता झोपली होती ते आठवत. एक दिवस ती भडकली. "मला नुसता राग आलाय! शेजारचे माझ्या जागेत गाडी लावतात म्हणून आलाय! तोही गोळीबरोबर गिळू का?"  मग लक्षात आलं की राग नेमका शेजाऱ्यांवर आहे, कारण आहे, आणि वाक्य चांगलं आहे. आजोबा खाली जाऊन शेजाऱ्यांशी भांडून आले.

या आठवड्यात हे लिहायला घेतलं तेव्हा तुला तिसरीत असताना बसलेली थापड मला आठवली. मैत्रिणीचं पुस्तक फाडून तू नाही म्हणालीस आणि आईने सगळ्यांदेखत मारलं, ती. मी लिहून ठेवलं होतं की तीसुद्धा आजाराची सुरुवातच होती. तुमच्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते काढ."

"का गं?"

"तेव्हा मी ठणठणीत होते. मला राग आला आणि मी मारलं. मारायला नको होतं. ती माझी चूक आहे, आई. निदान चुका तरी माझ्या राहू देत. सगळंच आजाराचं म्हणालीस, तर माझं काय उरलं?"

म्हणून ते काढलं. त्या थापडेबद्दल ती तुझी माफी मागेल, तो तिचा तुझा हिशेब.

ती आता इथल्याच एका क्लासमध्ये दहावीचं गणित शिकवते. मुलं तिला टरकून असतात आणि वर्ग सोडून जात नाहीत. "शून्य मिळवायलासुद्धा पेपरवर नाव लिहावं लागतं, राजे," असं ती परवाच एकाला फोनवर सांगत होती. गोळ्यांनी तिचा हात थरथरतो, म्हणून ती कप अर्धाच भरते आणि फळ्यावर वर्तुळ मुलांकडून काढून घेते. मधे दोनदा घसरण झाली, पण आम्ही वेळेवर गेलो. एकदा मी ओळखलं, एकदा तिने स्वतः. तिने मला म्हटलं होतं, "आई, तू आज मला फार आवडते आहेस. डॉक्टरांना फोन कर."

मी फोन केला. बरोबर होतं.

आता तुम्हाला कळेल मी कशाबद्दल बोलते आहे. जगात इतर घरी मुलगी आईला 'तू मला आवडतेस' म्हणाली, तर आई तिला जवळ घेते. आमच्या घरी तिला दवाखान्यात न्यावं लागतं. आजाराने तिची झोप नेली, नवरा नेला, तुम्हाला नेलं, ते सगळं दिसतं. पण त्याने मायेचे शब्दही नेले. ते शब्द तिच्या तोंडात आले की सगळ्यात आधी ती स्वतः घाबरते.

आजोबांच्या शेवटच्या दिवसांत ती त्यांच्या उशाशी बसून असे. काय काय बोलावंसं वाटत असेल तिला! पण गोड बोलली असती तर त्या माणसाने काळजीतच डोळे मिटले असते. ती त्यांचा हात धरून म्हणाली, "बाबा, किती दिवस खाट अडवणार आहात? बाहेर रांग लागलीये." ते हसले. खरोखर हसले. डोळ्यांनी मला खूण केली, की बघ, बरी आहे ती. दुसऱ्या दिवशी ते गेले. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ आत होती.

रविवारी तू फोन बंद केल्यावर, शेंगा निवडून झाल्यावर, मी तिला विचारलं, "हळदीचं का बोललीस?" आठवडाभर मी तिला स्वयंपाकघरात पुटपुटताना ऐकत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. ती म्हणाली, "दुसरंच बोलायचं होतं. 'किती गोड दिसतेस गं' म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं आणि भीती वाटली. तुला वाटलं असतं सुरू झालं. मलाही वाटलं असतं. मग ते हळदीचं बोलले."

मी तुझा मेसेज तिला वाचून दाखवला. दाखवावा की नाही, विचार केला होता. 'की ती कधी रिअल नव्हतीच?' इथपर्यंत आल्यावर तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "तिला सांग, फुलं खरी होती. मी त्यात कितपत होते ते मला आठवत नाही, आई. फुलं आठवतात. आणि तिच्या डोक्याचं वजन मांडीवर."

हेच तुझं उत्तर आहे, पोरी. याहून जास्त तिच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. त्या आठवड्यातली आई परत यावी असं तू मागू नकोस. ती आली तर आम्हाला तिला हॉस्पिटलात न्यावं लागेल. तुझी खरी आई ती, जी रोज तुझा डबा भरून म्हणायची, "परत आणलास तर उद्या रिकामा देईन." ती तेव्हा तुला आवडत नव्हती, कुठल्या मुलाला आवडेल? पण ती आहे. या आजारातून तेवढीच आम्ही परत मिळवली आहे, आणि तिला परत मिळवता मिळवता तुमचे आजोबा संपले.

माझंही वय झालं. एकदा तरी तिने मला चांगलं काहीतरी म्हणावं असं कधीकधी फार वाटतं. ती म्हणत नाही, आणि मी देवाला हात जोडते की म्हणू नये.

डिसेंबरात या. हॉटेलात उतरा हवं तर, पण एक दिवस घरी या. ती दार उघडेल. तिने जर तुम्हाला मिठी मारून माझी सोन्यासारखी बाळं म्हटलं, तर तिला काही कळू न देता आत स्वयंपाकघरात या आणि मला सांगा. आणि ती जर तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आलात? चपला बाहेर काढा, फरशी आत्ताच पुसलीये," तर परत फिरू नका. चपला बाहेर काढा आणि आत या.